थळला लागलेलं मस्कत

मिनिडोर रिक्षा दारात येऊन थांबली तेव्हा कमळ अंगणात जवळा सुकत घालत होती. मागच्या सीटवरून काळूराम उतरला, पण एका झटक्यात नाही. आधी एक पाय खाली, मग कंबर सावरून दुसरा. पोटाशी दोन्ही हातांनी काहीतरी धरलेलं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. ड्रायव्हर मदतीला पुढे आला, तर त्याला मानेनेच नको म्हणाला.

“काय आनलंत?” कमळने विचारलं.

“रेडिओ.”

“येवढा?”

काळूरामच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की कमळने जवळ्याचं सूप खाली ठेवलं आणि त्याच्या मागोमाग घरात गेली.

काळूरामची सगळी नोकरी थळच्या खत कारखान्यात झाली. इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात तो फिटर होता. कुठल्या नळीत किती दाब, कुठल्या टाकीत किती उष्णता, ते काट्यांवर बघायचं आणि काटा खोटं बोलायला लागला की त्याला सरळ करायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून तो आसपासच्या बंगल्यांतली वायरिंगची कामं घ्यायचा. कमळ घराच्या मागच्या दोन खोल्या मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना द्यायची. शनिवार-रविवारी तिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमई खायला तीच तीच माणसं परत यायची. एकुलता मुलगा परेश आधी न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तो ओमानला गेला, सोहारच्या बंदरात. तिथेही ट्रेलरच.

रेडिओ आला होता तो किनाऱ्यालगतच्या एका बंगल्यातून. बंगल्याचे मालक जहाजावर इंजिनियर होते आणि तरुणपणी त्यांनी तो थेट जपानातून आणला होता. ते वारल्यावर त्यांची मुलगी घर आवरायला आली. काळूराम तिथे पंख्यांच्या वायरी बदलत होता. “काका, शिडीवरून तुम्ही सारखे त्याच्याकडेच बघताय,” ती म्हणाली, “घेऊन जा. तुमच्याकडे तो चालेल तरी.”

चादर सुटली. समोरून चकचकीत अॅल्युमिनियम, बाजूंना लाकूड, मधे लांबच लांब काचेची पट्टी आणि तिच्यावर बारीक आकडे. उजवीकडे पेढ्याच्या डब्याच्या झाकणाएवढं एक गोल बटण. डावीकडे दोन खिडक्या आणि प्रत्येकीत एक काटा. काळूरामचा जीव कशात अडकला ते कमळला तिथेच कळलं.

त्याने लगेच प्लग लावला नाही. आधी पेटी उलटी करून मागची एक छोटी चकती स्क्रू ड्रायव्हरने फिरवली. “जपानात घरातली लाइट शंभर व्होल्टची असते,” तो म्हणाला. “तसाच लावला असता तर धूर निघाला असता. आपलं नशीब चांगलं, ह्यो बाहेरच्या देशांसाठी बनवलेला हाय. त्यांच्या स्वतःच्या रेडिओत एफएम नव्वदलाच संपतो. ह्याच्यावर एकशे आठपर्यंत हाय, बघ.”

कमळला त्यातलं शंभर आणि नव्वद तेवढं कळलं.

प्लग लागला. काचेच्या पट्टीमागे फिकट हिरवा उजेड पडला, अर्ध्याच भागात, कारण एक दिवा गेला होता. काळूरामने मोठ्या बटणाला बोटाने जरासा झटका दिला आणि हात काढून घेतला. बटण आपलं आपण फिरत राहिलं आणि पट्टीवरचा लाल काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलगद सरकत गेला.

“आत जड चाक हाय,” काळूराम हळूच म्हणाला, देवळात बोलावं तसं.

“आनि आवाज?”

“ह्याला आवाज नसतो.”

“काय?”

“ह्यो ट्यूनर. ह्यो फक्त हवेतनं स्टेशन पकडतो. मोठा करायला दुसरा डबा लागतो, आनि ऐकायला तिसरा.”

कमळने कमरेवर हात ठेवले. “म्हंजे मुका रेडिओ आनलाय.”

दुसऱ्या दिवशी बाजारात म्हावरं घेताना तिने ते सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडे पाहुणा आलाय, खातो वीज आनि बोलत नाय. शेजारचा सदा कोळी तर जाळं सांधता सांधता कुंपणावरून रोज विचारायचा, “वहिनी, पावन्यानं तोंड उघडलं का?”

पाहुण्याने तोंड उघडायला बरेच दिवस घेतले. काळूरामने त्याचं झाकण काढून पडवीतल्या टेबलावर संसार मांडला. चहा द्यायला गेलेली कमळ नको नको म्हणत आत डोकावली. एकमेकांत न टेकता सरकणारी धातूची पातळ पानं होती, बटण फिरवलं की मिटणारी आणि उघडणारी. काळूरामने तिला ती फिरवून दाखवली. “ही पानं किती आत गेली त्याच्यावर स्टेशन ठरतं. साध्या रेडिओत असे दोन-तीन जुडगे असतात. ह्याच्यात पाच हायत. पाच चाळण्या, एकीखाली एक. नको असलेलं सगळं वरच अडकतं.”

चाळणीचं कमळला पटलं. पिठाला ती स्वतः दोन चाळण्या वापरायची.

त्याने बटणांचे सांधे साफ केले, गेलेला दिवा बदलला, फोनवरच्या एका ग्रुपमध्ये जुने रेडिओवाले शोधून काढले आणि त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. दुसरा डबा आणि तिसरा डबा मात्र घरातच सापडला. परेश पूर्वी लोकांच्या हळदींना गाणी वाजवायला जायचा, त्या दिवसांतला त्याचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे दोन बॉक्स माळ्यावर पडून होते. बॉक्स उतरवताना काळूरामच्या डोक्यावर झुरळं पडली आणि कमळला दिवसभर पुरेल इतकं हसू आलं.

अँटेनासाठी त्याने जुन्या टीव्हीच्या काड्या मापाने कापल्या, त्या बांबूला बांधल्या आणि बांबू परसात उभा केला, तोंड मुंबईकडे करून. एका सकाळी कमळ भाकऱ्या थापत होती आणि बाहेरच्या खोलीत कोणीतरी अभंग गायला लागलं. ती पिठाच्या हातानेच बाहेर आली. गाणारा माणूस शोकेससमोर उभा असावा इतका तो आवाज जवळ होता. ओळ संपली की तो श्वास घ्यायचा, तोही ऐकू येत होता. तबल्यावर बोट घासलं ते वेगळं, थाप पडली ती वेगळी.

“फोनवर असा नाय येत,” ती म्हणाली.

दोन काट्यांपैकी पहिला, स्टेशनचा जोर दाखवणारा, उजव्या टोकाला गेला होता आणि दुसरा, स्टेशन नेमकं लागलंय का ते दाखवणारा, बरोबर मधोमध उभा होता. काळूराम त्यांच्याकडे बघत बसला होता, कारखान्यात बसायचा तसाच.

शोकेसमधला काचेचा सेट त्या दिवशी कमळने स्वतःच्या हाताने खालच्या कप्प्यात हलवला आणि वरची जागा ट्यूनरला दिली.

परेशचा फोन शुक्रवारी यायचा. तिकडे त्याला सुट्टी असायची. फोन कमळ घ्यायची. जेवलास का, काय जेवलास, ऊन किती हाय. मग ती फोन काळूरामकडे द्यायची आणि दोघे बापलेक एकमेकांना बरं हाय ना विचारायचे, बरं हाय सांगायचे, आणि तिथेच गप्पा संपायच्या. भांडण काही नव्हतं. एकाने आयुष्यभर काट्यांशी संवाद केलेला, दुसऱ्याने स्टिअरिंगशी. काळूराम फोन परत द्यायचा तेव्हा जरा ओशाळल्यासारखा दिसायचा. कमळच्या ते लक्षात यायचं, पण त्यावर काही उपाय असेल असं तिला वाटलं नव्हतं.

एप्रिल लागला. एका संध्याकाळी वारा एकदम पडला. नारळाची झावळी हलेना. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट झाला आणि त्याच्यावर पांढुरकी धूसर चादर पसरली. सदा कुंपणाशी उभा राहून पश्चिमेकडे बघत होता.

“वहिनी, खांदेरी बगा,” तो म्हणाला. “उचललीय.”

कमळने बघितलं. समोरचं खांदेरीचं बेट पाण्यावर टेकलेलं नव्हतंच. त्याच्या खाली आभाळाची एक बारीक पट्टी दिसत होती आणि बेट तिच्यावर तरंगत होतं. उन्हाळ्यात कधीमधी असं होतं, तिने लहानपणीही पाहिलं होतं. वाळलेले कपडे काढायला ती परसात गेली. काळूरामने अँटेनाचा बांबू रोवला तेव्हापासून तिने कपड्यांच्या दोरीचं एक टोक त्यालाच बांधलं होतं. सकाळी पर्यटकांच्या ओल्या चादरी तिच्यावर टाकल्या होत्या, त्यांच्या ओढीने बांबू जागच्या जागी फिरून समुद्राकडे तोंड करून उभा होता. कमळच्या ते ध्यानात आलं नाही. तिने चादरी काढल्या आणि घरात आली.

काळूराम अलिबागला गेला होता. ट्यूनर चालूच ठेवून गेला होता, ‘तापू दे, तापल्यावर सरळ चालतो’ असं सांगून. बॉक्समधून हलकी खरखर येत होती. म्यूटिंग नावाचा एक खटका होता. तो लावला की ट्यूनर कमजोर स्टेशन ऐकवतच नसे, मधल्या जागेत गप्प बसे. काळूरामने कसलीशी तपासणी करताना तो खटका काढून ठेवला होता, म्हणून ही खरखर. कमळला ती सहन होईना. दुसरं काही लागतंय का बघावं म्हणून तिने मोठ्या बटणाला बोटाने झटका दिला, नवरा द्यायचा तसा.

लाल काटा सरकत गेला. मुंबईचं एक स्टेशन आलं, गेलं. खरखर. मग कोणीतरी वेगळ्याच भाषेत बोलताना ऐकू आलं, घशातून, भराभर. कमळ थांबली. तिने काटा जरा मागे आणला. दुसरं स्टेशन. तिथे एक बाई हिंदीत बोलत होती, हसत होती, आणि मधेच म्हणाली की आज मस्कतमध्ये गरमी जरा कमी आहे, समुद्राकडच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी आहे, सांभाळून चालवा.

कमळ शोकेससमोरच्या खुर्चीत बसली.

मस्कत. परेश विमानातून उतरला होता ते गाव. सोहार तिथून पुढे, समुद्राच्या कडेकडेने. बाईने एक गाणं लावलं. अर्ध्या गाण्यात खरखर वाढली, परत कमी झाली, मग एखादी बोट क्षितिजाआड जावी तसं सगळं हळूहळू बुडालं.

काळूराम आला तो बूट काढायच्या आधीच तिने सांगितलं. “मस्कत लागलं होतं.”

“कुठं?”

“ह्याच्यावर. तुमच्या मुक्यावर.”

काळूराम हसला. “अगो, मुंबईचं असेल कुठलं. ते लोक बोलतात कधी कधी तिकडच्यांबद्दल.”

“मुंबईची बाई मस्कतच्या रस्त्यावर गाड्या सांभाळून चालवा असं कशाला सांगेल?”

“एफएम पन्नास-साठ मैलांच्या फार पुढं जात नाय, कमळ. सरळ जातं. पृथ्वी गोल हाय, ते वरनं निघून जातं.”

“पृथ्वी गोल असेल. मी ऐकलं.”

एरवी असा वाद तिने सोडून दिला असता. या वेळी नाही सोडला. काटा कुठे होता ते तिने जागेवरून हलवलं नव्हतं, काचेवर बोट ठेवून तिने ती जागा दाखवली. काटा बघितल्याशिवाय काळूरामने कधी कोणाला खोटं पाडलं नव्हतं. त्याने चष्मा लावला, ती जागा पाहिली, मग परसात जाऊन बांबू पाहिला. परत आला तेव्हा चेहरा बदलला होता.

“बांबू कोनी फिरवला?”

कमळने दोरीकडे पाहिलं आणि तिला कळलं. “चादरींनी,” ती म्हणाली.

काळूरामने ग्रुपवर विचारलं. तिकडून लगेच उत्तरं आली, एक सोडून बरीच. वहिनींचे अभिनंदन, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. उन्हाळ्यात वारा पडला की समुद्रावरच्या गार, ओलसर हवेवर वरची कोरडी गरम हवा झाकणासारखी बसते. मग एफएमच्या लहरी वर निसटत नाहीत, त्या झाकणाखाली अडकतात आणि पाण्याच्या अंगाअंगाने पार आखातापासून कोकणापर्यंत येतात. खांदेरी तरंगताना दिसली तीही त्याच झाकणाची करामत. काळूरामने सगळं दोनदा वाचलं. मग बायकोकडे बघून म्हणाला, “पातेल्यावर झाकन ठेवल्यासारखं हाय ते.”

“मी आधीच सांगितलं होतं,” कमळ म्हणाली. झाकणाबद्दल तिने काही सांगितलं नव्हतं, पण तिला तसं म्हणायचा अधिकार आहे असं दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी हवा तशीच पडलेली होती. चहा घेऊन दोघे ट्यूनरसमोर बसले. काळूरामने बांबू नीट पश्चिमेला वळवून बांधला होता. कमळने दाखवलेल्या जागेवर काटा आणला, तर मुंबईचं शेजारचं स्टेशन दणदणीत वाजत होतं, त्याच्या पलीकडचं काही कळेना. काळूरामने मग एक खटका खाली पाडला.

“ह्यो वाइड, ह्यो नॅरो,” तो म्हणाला. “रुंद वाट ठेवली तर आवाज गोड येतो, पन शेजारीपन आत घुसतात. अरुंद केली की आपलाच मानूस तेवढा आत येतो.”

शेजारचं स्टेशन कापून टाकल्यासारखं गेलं. त्याने आणखी एक बटण फिरवून आवाज दोन बाजूंचा एकात आणला, खरखर निम्मी झाली. पहिला काटा तळातून उठला, थोडा थरथरला आणि वर चढत गेला. दुसरा मधोमध येऊन उभा राहिला. आणि कालचीच बाई हिंदीत बोलायला लागली, अशी स्वच्छ की कमळला तिच्या बांगड्यांचा आवाज येईल असं वाटलं.

काळूराम जागचा उठला, परत बसला. “फोन लाव,” तो म्हणाला.

“आज शुक्रवार नाय.”

“लाव गो तू.”

परेशने फोन उचलला तो घाबरतच. “आये? काय झालं?”

“काय नाय झालं. गाडीत हायस का?”

“गेटवर लाइनीत हाय. बाबा बरे हायत ना?”

काळूरामने फोन तिच्या हातातून घेतला. असं त्याने कधी केलं नव्हतं. “परेश, गाडीतला रेडिओ लाव. हिंदीवालं, मस्कतचं.” आणि त्याने आकडा सांगितला.

“तेच लागलेलं असतं हिकडं बाबा, पन तुमाला कसं—”

“आवाज मोठा कर.”

पलीकडे आवाज मोठा झाला. बॉक्समध्ये एक गाणं चालू होतं, जुनं, बासरीचं. फोनमध्ये तेच गाणं, एका श्वासाएवढं मागे. बासरी बॉक्समध्ये वर चढली, फोनमध्ये चढली. कमळने फोन बॉक्सजवळ धरला.

“बाबा, अॅपवर लावलंय का?” परेशने विचारलं.

“अॅप नाय. अॅपवर अर्धा मिनिट मागं असतं. ह्यो हवेतनं आलाय. समुद्रावरनं.”

“काय सांगता?”

मग काळूराम बोलायला लागला. झाकण, चादरी, बांबू, पाच चाळण्या, अरुंद वाट. परेश मधे मधे विचारत होता आणि काळूराम उत्तरं देत होता. परेशच्या मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, लाइन पुढे सरकली होती. त्याने गाडी पुढे घेतली, फोन ठेवला नाही. कमळ स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी देऊन आली तरी दोघे बोलत होते.

त्यानंतर फोन शुक्रवारची वाट बघेनासे झाले. ‘आज लागलं का?’ परेश विचारायचा. कधी लागायचं, कधी नाही. वारा सुटला की सगळं मोडायचं. हवा कशी आहे ते काळूराम सदाला विचारायचा, सदा वर बघून सांगायचा, आणि त्या दोघांचंही आता बरं जमायला लागलं होतं. पण परेशला आता उलटं हवं होतं. मस्कत थळला येतं, तर मुंबई सोहारला का येऊ नये? तो पहाटे ट्रेलर किनाऱ्याकडच्या तळावर लावायचा आणि काटा फिरवत बसायचा. हाती काही लागत नव्हतं.

“गाडीच्या रेडिओला चाळन्या कमी,” काळूराम त्याला सांगायचा. “आनि एफएममधी दोन आवाज मिसळत नायत. दांडगा असेल तो दुसऱ्याला गिळतो. जिथं तुमचं स्थानिक स्टेशन नाय, ती जागा धर.”

परेशने शोधून एक रिकामी जागा धरली. इकडे त्याच जागेवर मुंबईचं एक मराठी स्टेशन बोलायचं. सकाळी तिथे एक मुलगी श्रोत्यांना फोनवर घ्यायची, आज डब्यात काय, असं विचारायची आणि गाणं लावायची.

ते ऐकून कमळच्या मनात काय आलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. परक्या माणसाशी फोनवर बोलायची तिला भीती वाटायची. खोलीचं बुकिंग करणारे लोकही ती काळूरामच्या गळ्यात घालायची. पण एका सकाळी, वारा पडलेला आणि खांदेरी पुन्हा उचललेली बघून, तिने परेशला सांगितलं, “आज रेडिओ सोडू नको,” आणि पडवीत जाऊन तो नंबर लावला. लागेना. परत लावला. भाकरीचं पीठ तसंच पडून राहिलं. शेवटी पलीकडून कोणीतरी नाव-गाव विचारलं, थांबायला सांगितलं, आणि एकदम ती मुलगीच बोलायला लागली.

“थळवरून कमळताई आहेत आपल्यासोबत! कमळताई, आज डब्यात काय?”

आतल्या खोलीत काळूरामने तेच स्टेशन लावलं होतं, त्याला काहीच माहीत नव्हतं. बॉक्समधून बायकोचं नाव ऐकून त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. आवाज एवढा मोठा होता की तो पडवीतल्या फोनमध्ये शिरला आणि हवेत एक लांब शिट्टी घुमली.

“ताई, तुमचा रेडिओ जरा बंद करा!” मुलगी म्हणाली.

“अवो, बंद करा तो!” कमळ ओरडली, आणि तेही सगळ्या मुंबईने ऐकलं. काळूराम धावत गेला, पण ट्यूनर बंद करायला त्याचं मन होईना, त्याने नुसते बॉक्स बंद केले आणि खिडकीशी उभा राहिला.

कमळची भीती त्या शिट्टीबरोबर कुठे गेली ते तिलाही कळलं नाही. ती म्हणाली, “डब्यात काय नाय. माझा मुलगा ओमानला हाय, त्याला बोंबलाची आमटी करायची हाय आनि त्याला ती जमत नाय. त्याला सांगायचं हाय. सुके बोंबील आधी भाजून घ्यायचे, मग भिजवायचे. तो भिजवतो आनि मग भाजतो.”

मुलगी हसत सुटली. “ओमानमध्ये आपला रेडिओ लागतो का हो?”

“लागतो. हवा पडली की लागतो. परेश, कांदा लाल होऊ देऊ नको. चिंच नाय, कोकम घाल. आनि जेवून कामाला जा.”

मुलीने परेशसाठी एक गाणं लावलं. कमळने फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसली. काळूराम दारात आला. मग तिच्या शेजारी बसला. कुंपणापलीकडे सदाने आपल्या खिशातला फोन वर करून दाखवला. त्यानेही ऐकलं होतं.

परेशचा फोन येत नव्हता. कमळ म्हणाली, लागलं नसेल. काळूराम म्हणाला, हवा तर पडलीय. त्याने आत जाऊन मस्कत लावलं आणि पहिला काटा पाहिला, तो वर होता. पण तिकडून इकडे येतं म्हणजे इकडून तिकडे जाईलच असं काट्याला सांगता येत नव्हतं. कमळ उठून भाकऱ्या करायला लागली. तव्यावर पहिली भाकरी पडली आणि फोन वाजला.

“आये!” परेश एवढं बोलला आणि हसायलाच लागला. त्याच्या मागे आणखी कोणी कोणी हसत होतं. “आये, अख्ख्या तळावर वाजली तू! मी काच उघडी ठेवली होती. नुसती खरखर, खरखर, आनि एकदम तू. ‘अवो, बंद करा तो!’”

“तेवढंच ऐकलंस?”

“मग बोंबील आला. मधे अरबी घुसली. मग परत तू आलीस, कांदा लाल होऊ देऊ नको. पुढं काय ते गिळलं कोनी तरी. एक केरळचा हाय माझ्याबरोबर, तो विचारतो ही बाई भांडते कोनाशी?”

“सांग त्याला, बापाशी.”

“सांगितलं. आये, पन कांद्याच्या पुढचं राह्यलं. चिंच किती घालू?”

“चिंच नाय!” कमळ म्हणाली. “तेच सांगत होते मी. चिंच नाय, कोकम. तीन-चार आमसुलं, आनि तीपन शेवटी. नायतर सगळं काळं होतं.”

“इथं आमसूल कुठं मिळनार?”

“मंग मी पाठवते. कोन येतंय का तिकडं ह्या महिन्यात? आनि आधी सांग, बोंबील कुठले आनलेस? जाडे असतील तर उकळी जास्त द्यायला लागेल. पातेलं कोनतं हाय तुझ्याकडं?”

काळूराम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याला परेशला विचारायचं होतं की काटा नेमका कुठे होता, किती वेळ टिकलं, अरबी कुठल्या बाजूने घुसली. त्याने हात पुढे केला. कमळने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि त्याच्याकडे पाठ केली. पातेल्याचं झालं, मसाल्याचं झालं, मग परेशबरोबरच्या केरळच्या माणसाला आमटी तिखट चालते का ते निघालं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. काळूरामने पुढे होऊन ती उलटली, बोट भाजलं म्हणून झटकलं, गॅस बारीक केला आणि परातीतला दुसरा गोळा उचलून, जमेल तसा, थापायला घेतला.